नववा सूर

तळेगावच्या विहारामागची जुनी खोली पाडायला घेतली आहे, पार्टीचं काही सामान उरलं असेल तर घेऊन जा, असा वामनकाकांचा निरोप आला आणि रविवार बघून मी वर्ध्याहून गेले. वामनकाका आमच्या पार्टीत ढोलक वाजवायचे. पार्टी म्हणजे गायन पार्टी. जयंतीला, लग्नाला, कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला भीमगीतं आणि बुद्धगीतं गाणारी, माझ्या वडिलांनी उभी केलेली. ती मोडून कितीतरी पावसाळे झाले, तरी खोलीची किल्ली अजून काकांच्याच कमरेला होती. कुलूप गंजलेलं. काकांनी त्यात गोडेतेल सोडलं, एक शिवी हासडली, मग ते उघडलं.

आत पाय टाकताच अंगावर आला तो वास. उंदरांचा, ओल्या चुन्याचा, आणि त्याच्या तळाशी अगदी पुसट असा हार्मोनियमच्या भात्याच्या चामड्याचा. हार्मोनियम कोपऱ्यात होती. भाता कुरतडलेला, पट्ट्यांमधल्या फटींत उंदरांच्या लेंड्या. मी एक पट्टी दाबून भाता हलवला, तर सूर निघालाच नाही, दम्याच्या माणसासारखा नुसता श्वास बाहेर पडला.

"राहू दे पोरी," काका म्हणाले, "मेलं ते."

मी हात काढला. सतरंजीच्या गुंडाळीवर तशीच बसून राहिले.

माझं बालपण या खोलीत सुरात न्हाऊन गेलं, असं लिहायला छान वाटेल. खरं म्हणजे ते अर्धं झोपेत गेलं. बाबूजी, म्हणजे माझे वडील, संत्र्याच्या हंगामात पॅकिंगच्या कामाला जायचे. दिवसभर लाकडी खोक्यांत तणस घालायचं आणि त्यावर संत्री रचायची. दिवेलागणीला ते हार्मोनियमपुढे बसले की त्यांच्या बोटांना सालीचा तो तिखट वास असायचा, आणि तो पट्ट्यांना लागायचा. मी कोरसमध्ये, त्यांच्या डाव्या हाताला. आई घरून ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आणायची, त्यांच्या गळ्याला शेकायला. तिथं सगळ्यांचे वास वेगळे ओळखू यायचे. काकांचा तंबाखूच्या खर्ऱ्याचा, आईचा ओव्याचा, बाबूजींचा संत्र्याचा. उन्हाळ्यात पत्रा एवढा तापायचा की हार्मोनियमचा सूर चढल्यासारखा वाटे. पावसाळ्यात पत्र्यावरच्या आवाजात स्वतःचा गळाही ऐकू यायचा नाही, तरी बाबूजी थांबत नसत. ते ओठ हलवत राहायचे आणि आम्ही त्यांच्या ओठांकडे बघून गायचो.

गाणं सुरू करायची त्यांची एक रीत होती. वाद्यं सगळी गप्प. ते डोळे मिटून एखादा शेर म्हणायचे, कसल्याही आधाराशिवाय, आणि तिथूनच गाणं उचलायचे. मग वाजवणाऱ्यानं त्यांची पट्टी शोधायची आणि गुपचूप त्यांच्या सुराखाली येऊन बसायचं. गायकानं पट्टी विचारायची नाही, वाजवणाऱ्यानं गायकाला थांबवायचं नाही. आमच्या भागातल्या पार्ट्यांत असंच चालायचं, आणि गायकामागं पट्टी पकडता येत नाही तो वाजवणाराच नाही, असं लोक तोंडावर सांगायचे. बाबूजी तरुणपणी काळी दोनमध्ये गायचे, म्हणजे हार्मोनियमवरच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून. वय झालं तसे काळी एकवर उतरले. पण गाणं कुठंही हिंडून येवो, प्रत्येक ओळ ते शेवटी सा वर आणून ठेवायचे. सा लागला की त्यांचे खांदे खाली यायचे. ते बघितलं की आम्हालाही दिवसभराचं ओझं टेकवल्यासारखं वाटायचं.

या खोलीत जॅझ आणलं ते दादानं.

दादा माझा मोठा भाऊ. तो नागपूरला ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायला गेला आणि तिथं एका हॉटेलात त्याला एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ भेटले. रेल्वेतून निवृत्त झालेले, संध्याकाळी जेवणाऱ्या लोकांसाठी पियानोवर जॅझ वाजवणारे. लोक तंदुरी खात बसायचे आणि हे आपले आपल्यासाठी वाजवायचे, असं दादा सांगे. त्याला ते पोरासारखं वागवायचे. तो त्यांना अंकल म्हणायचा. काही वर्षांनी दादा परत आला तेव्हा गोधडीत गुंडाळलेला कीबोर्ड त्याच्या खांद्यावर होता आणि बोलण्यात सारखे अंकल.

एका दुपारी त्यानं मला याच सतरंजीवर बसवलं होतं.

"हे पाय बाई," तो म्हणाला. आमच्याकडे भाऊ बहिणीला बाईच म्हणतात, आणि पहा ला पाय. "सा, ग, प. घर झालं. त्यावर नी ठेवला, छप्पर झालं. आपल्याइथं काम इथंच संपते. अंकल म्हणते, अजून वर जाय. वरचा रे घे. सा पासून मोजला त नववा. त्याच्या वर तीव्र म, अकरावा. मंग ध, तेरावा. याइले टेन्शन म्हणते."

"टेन्शन काय कमी हाय का आपल्या घरात?" आई दारातून म्हणाली.

"मंग ताण म्हन, आई."

त्यानं डाव्या हातानं सा-ग-प-नी दाबून धरलं आणि उजव्या हातानं वरचा रे हळूच ठेवला. छातीत कुणीतरी बारीकसा दोरा ओढल्यासारखं झालं. रे ला खाली सा वर यायचं होतं, अगदी ऐकू येत होतं तसं, आणि दादा त्याला येऊ देत नव्हता. मग त्यानं तो सूर अर्ध्या पायरीनं खाली आणून कोमल रे ठेवला. माझे दात शिवशिवले.

"समजलं? खालच्या सुरापासून पूर्ण पायरी दूर असला त दुखते, पण गोड दुखते. अर्ध्याच पायरीवर आला त घासते. दुखणं येगळं आन् घासणं येगळं."

मी वहीत नाही लिहून घेतलं काही. पण जन्मभर पुरलं ते मला.

बाबूजींना हे अजिबात पसंत पडलं नाही. त्यांनी चाल लावलेल्या गाण्याखाली दादा असले सूर ठेवायला लागला की ते भाता सोडून द्यायचे. "माह्या गाण्यात हे कोण रडून राह्यलं बे?" असं विचारायचे. वामनकाकांना हसू आवरायचं नाही. पण दादाचा हट्ट वेगळाच होता. त्याला नुसते कॉर्ड, म्हणजे गाण्याखाली एकदम दाबायचे सूर, बदलायचे नव्हते, त्याला बाबूजींना थांबवायचं होतं. शेवटच्या ओळीत सा वर जायच्या आधी रे वर. तिथं दोन मात्रा, चार मात्रा, जेवढा श्वास असेल तेवढं.

"घरात जाऊ नोका, बाबूजी," तो म्हणायचा. "दारात थांबा जराक. लोकाइले कळू द्या, घर कुठं हाय ते."

त्या दिवशी बाबूजी चिडले नाहीत. त्यांनी भाता मिटला आणि हार्मोनियमवर हात ठेवले.

"दारात उभं राहाणं आमच्या बापानं लय केलं, बाप्पा. लोकाच्या दारात. हात पसरून. मी सा वर येतो ना, तवा मी माह्या घरात येऊन बसतो. मले बसू दे."

खोलीत ढोलकाच्या शाईचा वास होता आणि बाहेर कुणीतरी कापसाची गाडी हाकत चाललं होतं, तिचं चाक करकरत होतं.

त्यानंतर दादानं जे केलं ते मला आजही थोर वाटतं, आणि सख्ख्या भावाबद्दल म्हणून सांगत नाही. त्यानं बाबूजींच्या चालीला हात लावायचं सोडून दिलं. त्यांनी गावं तसं गावं, ठेवावा तिथं सूर ठेवावा. हा फक्त खालची जमीन बदलायचा. बाबूजी सा म्हणायचे, आणि दादा खाली असा कॉर्ड आणायचा की तो त्यांचा घरातला सा च कुठल्यातरी दुसऱ्या सुराचा नववा होऊन बसायचा. त्यांच्या गळ्यात काहीच बदललेलं नसायचं. पण ऐकणाऱ्या बायांच्या डोळ्यांना पदर लागायचा. आणि मग दादा हळूच खालचा कॉर्ड मूळ जागी आणायचा, तेव्हा बाबूजींचे खांदे खाली यायचे. आता त्यांच्याबरोबर मांडवातल्या सगळ्यांचेच यायचे.

तो आमचा चांगला काळ. दोन-तीन उन्हाळे असेल, जास्त नाही. आष्टी, आर्वी, कारंजा, कुठून कुठून बोलावणी यायची. पोरं मोबाइल वर धरून उभी राहायची. "दादा, एक ताण टाका ना," अशी फर्माईश व्हायची, जशी लोक भज्यांची प्लेट मागवतात. ताण हा शब्दच आमच्या पार्टीचा झाला. गाडीतून परत येताना काका दादाला चिडवायचे, "आज लय ताण टाकले बे, उद्या बायाइचे डोळे सुजतीन." बाबूजी पुढच्या सीटवर ज्येष्ठमध चघळत बसलेले असायचे. ते हसायचे नाहीत, पण मान अशी डोलायची की आईनं ती एकदा मला कोपरानं ढोसून दाखवली.

मग कधीतरी ते घासायला लागलं.

नेमकं कधी, ते सांगता येणार नाही. दादाची बसायची जागा ठरलेली होती. बाबूजी त्याच्या उजव्या कानाशी, आणि त्याच्या स्वतःच्या कीबोर्डचा स्पीकर डाव्या कानाशी. बाबूजी गाणं उचलायचे, दादा ऐकायचा, कीबोर्डची पट्टी वरखाली करायचं बटण असतं ते दाबून त्यांची पट्टी पकडायचा आणि आत शिरायचा. पूर्वी हे डोळ्याचं पातं लवेपर्यंत व्हायचं. आता तो आधी अर्ध्या पायरीवर उतरायचा, क्षणभर तिथंच राहायचा आणि मग सरकायचा. कधी सरकायचाच नाही, अख्खं कडवं तसंच जायचं. बाबूजी एका पट्टीत, खालचे कॉर्ड दुसऱ्या पट्टीत.

दुसऱ्या कुठल्या पार्टीत असं झालं असतं तर लोकांनी दोन ओळींत खाली उतरवलं असतं. आमच्याकडे टाळ्या पडल्या. दादाचा हा नवा ताण आहे, असं सगळ्यांनी धरून चाललं. मांडवातली पोरं "वाह, वाह" करायची. आष्टीच्या एका पार्टीतल्या कीबोर्डवाल्यानं तर ते रेकॉर्ड करून घरी नेलं, बसवलं, आणि स्वतःच्या कार्यक्रमात वाजवायला लागला. काका म्हणाले, जॅझ असंच असन. मीही दात शिवशिवले तरी तेच म्हटलं.

एकटे बाबूजी सांगत होते. "हे दुखत नाई, हे घासून राह्यलं." पण बाबूजींना त्याचा कुठला कॉर्ड कधी आवडला होता? ते पहिल्या दिवसापासून नाकच मुरडत आलेले. म्हाताऱ्याचं नेहमीचं, म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं, आणि सगळ्यांत आधी दादानं.

घरात दुसऱ्याही खुणा होत्या. टीव्हीचा आवाज. हाक मारली की भलत्याच बाजूला वळणं. एकदा जेवताना तो सहज म्हणाला, "कुकरची शिट्टी दोन सुरात वाजते आपली." आई म्हणाली, नवा कुकर आणून दे मंग. सगळे हसलो. वरण चांगलं झालं होतं त्या दिवशी, लसणाची फोडणी होती. मला ते वरणच जास्त आठवतं.

शेवटचा कार्यक्रम आष्टीच्या बाजूच्या एका खेड्यात झाला. दुपारचा, विहाराच्या वर्धापनदिनाचा. हिवाळा संपत आला होता, पण ऊन असं की मांडवाचं कापड वितळेल की काय वाटावं. मोठ्या कढईत वांग्याची भाजी शिजत होती, तिचा वास सारखा स्टेजवर येत होता. बाबूजींचा आवाज त्या हिवाळ्यात बसला तो पुरता उठलाच नव्हता. आई नको म्हणत होती. ते गेले.

त्यांनी शेर म्हटला, बऱ्यापैकी. गाणं उचललं, काळी एकमध्ये, तेही जपून. दादा आत आला तो अर्धी पट्टी वर. पांढरी दोनमध्ये. मी वाट बघत होते, आता सरकेल. नाही सरकला. उलट त्याच्या चेहऱ्यावर पट्टी बरोबर पकडल्याचं समाधान होतं, आणि तो खालून कॉर्ड भरत निघाला. पहिल्या रांगेत गावचे जाणते लोक बसले होते. त्यातल्या एका पेटीमास्तरानं चमकून मान वर केली. हे टाळ्यांचं गाव नव्हतं.

बाबूजींनी एक श्वास घेतला. एकच. त्यांनी दादाकडे बघितलं, मग डोळे मिटले, आणि पुढची ओळ त्यांनी पांढरी दोनमध्ये घेतली.

मी त्यांच्या डाव्या हाताला होते. कोरसला त्यांच्यामागं जावंच लागतं, म्हणून मला कळलं. जन्मभरात मुलासाठी सोडाच, कुणासाठीही त्यांनी गाणं चालू असताना पट्टी सोडली नव्हती. अर्धी पायरी म्हणजे धडधाकट गळ्याला काहीच नाही. त्यांच्या त्या सोललेल्या गळ्याला वरचे सूर काढताना आतून काही फाटत असल्यासारखा आवाज येत होता. लोकांना तो आर्त वाटला. मास्तरानं मान डोलावली. शेवटच्या ओळीला बाबूजी रे वर आले आणि तिथंच थांबले. सा वर गेले नाहीत. दादानं वर बघितलं. त्याच्या खाली त्याचा तो सा-ग-प-नी होता आणि वर त्याच्या बापाचा रे उभा होता, थरथरत. आता जुळलं होतं, घासत नव्हतं. दादा नुसता उजळला. माझ्या भावाचा तसा चेहरा मी पुन्हा बघितला नाही.

परत येताना गाडीत तो सारखा बोलत होता. "आज बाबूजी माह्या सुरात आले, रे वर थांबले. काका, आयकलं ना तुमी? आले ना?" काका ढोलकावर कपडा घालत म्हणाले, "आले बाबा." बाबूजी खिडकीतून बाहेर बघत होते. बाहेर संत्र्याच्या बागा होत्या, तोड झालेल्या, झाडं धुळकट.

घरी उतरल्यावर हापशीवर तोंड धुताना त्यांनी मला जवळ बोलावलं. आवाज जवळजवळ गेलेलाच होता.

"त्याच्या कानाले काई तरी झालं, माय. त्याले आयकू येऊन नाई राह्यलं. दवाखान्यात ने."

"आन् आजचं, बाबूजी?"

"आजचं त्याले सांगू नोको. कधीच. कबूल हो."

मी कबूल झाले.

दवाखान्यात दादाला घेऊन गेले. कानामागची नस, डॉक्टर म्हणाले, उजवी गेली, डावी जाईल. उजव्या कानाला सूर होता त्याहून वेगळाच ऐकू येतो, म्हणून एक आवाज दोन सुरांत येतो. त्यांनी कागदावर गोगलगायीसारखं चित्र काढून दाखवलं. दादानं चित्र बघितलं आणि एवढंच विचारलं, "किती दिवसापासून असन?" डॉक्टरांना सांगता आलं नाही. तो बाहेर येऊन बाकावर बसला आणि बोटांनी मांडीवर काहीतरी वाजवत राहिला. आपण किती कार्यक्रम घासत गेलो याचा हिशेब तो लावत होता, हे मला दिसत होतं. मग तो थांबला. "पण त्या दिवशी नाई," म्हणाला. "त्या दिवशी बाबूजी सोता आले. त्या दिवशी बरोबर होतो मी."

त्या एका दुपारवर तो जगला आहे. बाबूजी त्यानंतर गायले नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात गेले. पुण्यानुमोदनाला आष्टीची ती पार्टी आली होती, आणि त्यांच्या कीबोर्डवाल्यानं मोठ्या आदरानं दादाचा म्हणून तो घासणारा कॉर्ड वाजवला. दादा पहिल्या रांगेत बसला होता, डावा कानही तोवर गेलेला. ढोलकावरच्या हाताकडे बघून मान हलवत होता. सगळ्या मांडवात ज्याला तो कॉर्ड ऐकू येत नव्हता असा तो एकटाच. मला तिथून पळून जावंसं वाटलं. कानात घालायचं यंत्र त्याला दिलं होतं, पण त्यातून गाणं म्हणजे पातेल्यावर चमचा घासल्यासारखं येतं, म्हणून त्यानं ते काढून ठेवलं. आता तो वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत एका पिठाच्या चक्कीवर काम करतो. तिथल्या घरघरीचा त्याला त्रास नाही. आल्या-गेल्याला सांगतो, एकदा बाबूजी माह्या सुरात आलते. लोक हो हो म्हणतात. मी पण म्हणते.

खोलीतली सतरंजी मी उचलली, ती मधोमध फाटली. काकांनी घसा खाकरला.

"पोरी, त्या दिवसाचा व्हिडिओ हाय माह्याकडं. नातवानं जुन्या मोबाइलातून काढून देल्ला. पाय."

लहान चौकोनात मांडव, ऊन, आम्ही. मी कोरसमध्ये एवढी बारीक होते हेच विसरले होते. बाबूजींचा आवाज आला आणि मी भिंतीला टेकले. सगळं होतं त्यात. काळी एक, मग तो एक श्वास, मग वरची पट्टी. आणि आणखी एक गोष्ट, जी त्या गडबडीत मी पार विसरले होते, की शेवटच्या कडव्याला पट्टी अजून एकदा चढली होती. ऑर्केस्ट्रात करतात तसं, रंग भरायला. बाबूजी तिथंही गेले होते.

"मलेही तवाच समजलं होतं वो," काका म्हणाले. "ढोलक जुळवणाऱ्याले समजत नाई का? पण तुह्या बापानं पायलं माह्याकडं. मंग काय बोलू?"

व्हिडिओ त्यांनी मला पाठवला. येताना बसमध्ये मी विचार केला की दादाला दाखवायला काय हरकत आहे? ऐकू तर काहीच येणार नाही. बाबूजी दिसतील, तो स्वतः दिसेल, हसताना. त्याच्या त्या दुपारचं काहीतरी हातात धरायला मिळेल. बाबूजींना दिलेला शब्दही मोडत नाही. मला ते अगदी बरोबर वाटलं.

चक्की चालूच होती. दादाच्या पापण्यांवर पीठ बसलं होतं. मी मोबाइल पुढे धरला तशी त्यानं आधी पॅंटला हात पुसले, मग टॉवेलला, आणि दोन्ही हातांनी मोबाइल घेतला. "बाबूजी," तो म्हणाला, मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसा. गव्हाच्या गरम पिठाच्या वासात उभा राहून त्यानं तो पूर्ण बघितला. हसला. मालकाला दाखवायला वळला, पण वळता वळता थांबला, आणि मागं नेऊन पुन्हा बघायला लागला. मग पुन्हा.

त्याचं हसू गेलेलं मला दिसलं. त्यानं दोन बोटांनी चित्र मोठं केलं. बाबूजींचा गळा. शिरा दोरखंडासारख्या तटतटलेल्या, हनुवटी वर, टाचा उचललेल्या, माइकचा दांडा मुठीत आवळलेला.

"काळी एकमध्ये त्याइची मान अशी नाई होत," तो म्हणाला.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो माझ्या ओठांकडे बघतच नव्हता.

"मी वर गेलतो. ते माह्यासाठी आले."

चक्कीच्या पट्ट्याचा फटफट आवाज होत होता. त्यानं अंगठ्यानं चित्र पुढे सरकवलं. शेवटचं कडवं आलं. पडद्यावरचा माझा तरुण भाऊ बापाकडे बघून खुशीत हसला आणि त्याचा हात कीबोर्डच्या बटणाकडे गेला. तिथं दादानं चित्र थांबवलं, आणि आपल्या त्या हाताकडे बघत उभा राहिला.

"मले वाटलं, बाबूजीले मजा येऊन राह्यली," तो म्हणाला. "म्हून मी अजून चढवली."